अंगात येणारा राग

कुणाच्या अंगात देवी आली की ती खरी की खोटी, ते सोपानतात्या ठरवायचे. देवळाचे मानकरी ते. तळहातावर जळता कापूर ठेवायचे आणि जो ओरडेल त्याला ढोंगी म्हणायचे. घरी मात्र बायकोला रोज मारायचे. शेवटी लेक द्वारका भर देवळात पंचांपुढे उभी राहिली, "आईला मी माझ्या घरी नेते."

तात्या तोऱ्यात म्हणाले, "मी कुठं मारतो? राग अंगात येतो, मग माझं मला भान राहत नाही."

पंचांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांचं सगळंच पटतं.

द्वारका म्हणाली, "बरं तात्या. पुढच्या वेळी राग अंगात आला की हात पुढे करा, मी कापूर ठेवते. खरा असेल तर चटका कळायचा नाही."

तात्यांनी हात चटकन पाठीमागं घेतला. देवळात हशा पिकला. पंच खाली बघत म्हणाले, "ने बाई आईला."

द्वारकेला हसू आलं नाही. एवढं बोलायला तिनं वीस वर्षं लावली होती. ती मागे खांबापाशी बसलेल्या आईजवळ जाऊन म्हणाली, "चल."

"काय गं म्हणाले?" आईनं विचारलं. "उजवीकडून बोल. डाव्या कानानं ऐकू येत नाही आता."