तुळसा दाईच्या अंगावरचे ठिपके

एका राज्यात न्यायाला साक्ष लागत नसे, चुना पुरे. ज्याच्यावर आळ येई त्याला चौकात उभे करीत. मग प्रत्येकजण चुन्यात बोट बुडवी आणि त्याच्या अंगावर एक ठिपका लावी. ठिपक्यापुरते अंग दगड होई. माणूस पुरता दगड झाला की लोक घरी जात. मारले कोणीच नसे. ज्याने त्याने एकच बोट लावलेले असे.

एके सकाळी राजपुत्राची वाचा गेली. दुपारपर्यंत नगराला कळले की तुळसा दाईने करणी केली. निम्मे नगर तिच्याच हातावर जन्मलेले, राजपुत्रही. तरी ठिपके पडले. ओठ आणि काळीज तेवढे उरले.

"उरलेलं उद्या सूर्यास्ताला," राजा म्हणाला.

तुळसेची लेक सगुणा डोंगरावरच्या मांत्रिकाकडे धावली. तो साळुंकीला दाणे घालीत होता.

"तीन कामं कर," तो म्हणाला. "करणी पाहिलेला माणूस शोध. तो न सापडला तर राजपुत्राचं तोंड उघडून बघ. मग चौकात ही साळुंकी सोड."

सगुणेने माळिणीला विचारले, "तू पाहिलंस?"

"मी कशाला बघू, बाई? सोनार सांगत होता."

सोनार म्हणाला, "प्रधानजी का खोटं बोलतील?"

प्रधान म्हणाला, "अवघं नगर बोलतंय. आमची माळीणसुद्धा."

सगुणा राजवाड्यात गेली. राजाने राजवैद्याला विचारले, "तोंड तपासलं होतं ना?"

"दाई सापडल्यावर तपासायचं काय, महाराज?"

राजपुत्राच्या जिभेखाली हिरवा खडा रुतला होता. नागाने राखलेल्या शापित धनातला. सगुणेने तो उपसला, तसा मुलगा बोलला.

"मी चोरून तोंडात लपवला. दाईने काही केलं नाही. चौकात मी सारखी मान हलवून सांगत होतो."

"आम्हाला वाटलं, करणीचा झटका आला," प्रधान म्हणाला.

राजाने ठिपके पुसण्याची आज्ञा केली. कोणी पुढे येईना.

"मी तर मागे उभा होतो."

"माझं बोट ओझरतंच लागलं."

सगुणेने साळुंकी सोडली. ती तुळसेच्या दगडी खांद्यावर बसून बोलली, "ज्याचा ठिपका त्याने 'मी पाहिलं नव्हतं' असं म्हणून पुसावा. सूर्यास्तापर्यंत जो पुसणार नाही त्याचं ते बोट दगडाचं होईल."

मग मात्र रेटारेटी झाली. "सरका, मला हार गुंफायचेत," म्हणत माळीण कोपराने वाट काढू लागली. सोनार तिच्या पाठीवर चढला. मावळतीआधी तुळसेचे अंग पुन्हा हाडामांसाचे झाले. खडा नागाला परत गेला, चुन्याची भट्टी विझली, राज्य चुन्याच्या शापातून सुटले.

सोनार हात पुसत म्हणाला, "तुळसाबाई, झालं गेलं विसरा. आम्हीही तुम्हाला माफ केलं."

"कशाबद्दल?" तुळसेने विचारले.

ती लेकीच्या आधाराने वेशीबाहेर गेली. त्याच आठवड्यात माळिणीची सून बाळंतपणात अडली. तिच्या दाराशी सगळे नगर गोळा झाले, आणि हात लावायला एकही पुढे आला नाही.