शेपटीला शेपूट

"कचरा तुमचा, तुम्हीच उपसा!"

"मोरीचं तोंड तुमच्या हद्दीत, तुम्हीच उपसा!"

जनावरंही हद्दीवरून भांडत, त्या काळी शहर आणि गाव यांच्यामधल्या रस्त्याखाली एक मोरी होती, आणि तिच्यावर शहराची थोरली घूस नि गावच्या खेकड्यांचा पाटील भर पावसात हमरीतुमरीवर आले होते. घुशींनी शहराची गटारं लख्ख केली, म्हणून पाणी धो धो मोरीकडे आलं. खेकड्यांनी गाव राखायला पलीकडे बांध घातला, म्हणून ते उलटं शहराकडे फिरलं. दोघांचीही कामं चोख होती. फक्त मोरीतल्या गाळाला कुणी हात लावला नव्हता.

पाणी मोरीच्या दगडांत राहणाऱ्या चिचुंद्रीच्या बिळात शिरलं. पिल्लांनी एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरल्या, पहिल्यानं आईची धरली, आणि ती रांग घेऊन बाहेर पडली.

"शी, आली वासाची!" घूस म्हणाली. "बाई, तू गावची. तिकडं रड."

"आमच्यात नाही हो मोडत ती," पाटलानं नांगी झटकली.

चिचुंद्री संतापली. ती हद्दीच्या दगडापाशीच थांबली. निम्मी रांग अलीकडे, निम्मी पलीकडे, आणि शेवटच्या पिल्लाच्या गळ्याशी पाणी.

आजही त्या मोरीतला गाळ घुशी इकडून आणि खेकडे तिकडून एकाच दिवशी उपसतात, ते तेव्हा ती जे बोलली त्यामुळे:

"घूसबाई, पाटील, आपापल्या हद्दीतली पिल्लं तेवढी वाचवा, पण आधी कुणाच्या तोंडातून कुणाची शेपूट सोडवू, ते सांगा!"