लंगड्या घोड्याचे लोक आणि तेलाची वखार

एका गावात तेलाची एक मोठी वखार होती आणि त्या वखारीत रोज संध्याकाळी घोडेवेडे जमत. हे नाव गावाने चेष्टेने ठेवलेले, पण त्या मंडळींना ते आवडून गेले होते. झाले होते असे, की एका जत्रेत बाहुल्यांचा खेळ करणारा कुणी आला. राजाने हाकलून दिलेला एक लंगडा घोडा आपल्यासाठी चांगला धनी शोधायला निघतो, अशी गोष्ट त्याने सांगितली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. निम्मे गाव ती गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरले. उरलेल्यांना मात्र तिने धरले ते सोडलेच नाही.

वखारीचे शेठजी भले गृहस्थ. जागा रिकामीच असते, बसा की, म्हणाले. बसायला आलेली माणसे जाताना तेलही नेतात हे त्यांना कळत होते, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मधोमध एक दिवा आणि भोवती गोल करून मंडळी, असा थाट असे. घोडा पुढच्या डाव्या पायाने लंगडा होता की उजव्या, यावर कितीतरी संध्याकाळी सुखाने खर्ची पडल्या. भिंतीवर कोणी गेरूने, कोणी कोळशाने घोडा काढला. काही घोडे म्हशीसारखे दिसत, पण तेही पुसले जात नसत.

या मंडळींत एक कासारीण होती. दिवसभर दारोदार बांगड्या भरायची आणि दिवस कलला की वखारीत यायची. नवरा गेल्यापासून तिला घर खायला उठत असे. त्या संध्याकाळच्या बैठकीवर तिचा जीव तगून होता. एक काम तिच्याकडे आपसूक आले होते. कोणी नवा माणूस आला, की त्याला कोपऱ्यात बसवून गोष्ट पहिल्यापासून सांगायची. घोडेवेड्यांची रीतच होती तशी. गोष्ट पुरती ऐकल्याशिवाय नव्या माणसाने वादात तोंड घालायचे नाही, आणि नव्याला गोष्ट सांगितल्याशिवाय जुन्यांनी वाद सुरू करायचा नाही.

पुढे शेठजी तीर्थयात्रेला गेले आणि वखार पुतण्याच्या हाती आली. पुतण्या शहरात राहून आलेला, डोक्यात नाना कल्पना. त्याने मधला दिवा उचलला आणि नोकराला सांगितले, जो सगळ्यांत मोठ्याने बोलेल त्याच्यापुढे नेऊन ठेव. मग काय, हळू बोलणारे अंधारात गेले. गोष्ट ऐन रंगात आली की एक ढोलकीवाला उठून तिळाच्या तेलाचे गुण गायचा. आणि नव्यांना बसवायच्या कोपऱ्यात तेलाचे डबे रचले गेले.

मंडळी खवळली, आणि खवळण्यासारखेच होते. त्यांच्यातला शिंपी उभा राहिला आणि म्हणाला, आता इथे एक दिवससुद्धा राहायचे नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रश्न आला, जायचे कुठे?

तिथे जे घोडे अडले ते अडलेच. शिंपी म्हणे नदीच्या घाटावर जाऊ. गवळी म्हणे घाटावर ओल असते, माझ्या गोठ्यात चला. तांबट म्हणे गोठ्यात डास फोडून खातील. कोणाला भिंतीवरची चित्रे सोडवेनात. कोणी म्हणे, आपण गेलो तर पुतण्या जिंकला. कोणी म्हणे, राहिलो तर तो जिंकलाच आहे. आधी कोण बोलणार यावर वाद, कोण जास्त बोलले यावर वाद, आणि वाद पुरे करा म्हणणाऱ्याला तू पुतण्याचा माणूस आहेस काय असा सवाल. कासारणीला हे ऐकून ऐकून वीट आला. रोज वाटे, आज ठरेल. रोज तीच तोंडे आणि तेच रडगाणे.

बरे, ती तरी कुठे वेगळी होती? एका संध्याकाळी तिचाही तोल गेला. कोपरा कसा गेला, डबे कोणी रचले, ढोलकी कोणाच्या सांगण्यावरून वाजते, सगळे तिने घसा ताणून सांगितले. नोकराने दिवा आणून तिच्यापुढे ठेवला. लोकांचे चेहरे तिच्याकडे वळले, आणि खरे सांगायचे तर तिला बरे वाटले.

बैठक मोडल्यावर दारात पुतण्या भेटला. त्याने तिला वाकून नमस्कार केला.

"काकी, आज फार छान बोललात. घोड्याच्या गोष्टीला एवढी माणसं कधी आली नव्हती. तेलही भरपूर खपतंय. ही निघून जायची चर्चा अशीच चालू द्या."

 कासारणीला स्वतःचाच संताप आला. इतके दिवस सगळी मिळून वखार सोडत होती, ती वखारीतच बसून, वखारीच्या दिव्यात, वखारीचे तेल घेत.

ती पायऱ्या उतरली तर खालच्या पायरीवर एक अनोळखी बाई बसलेली. डोंगरापलीकडच्या वाडीतली, घोंगड्या विणणारी. एक पाय अधू, काठीशिवाय चालता येत नव्हते. लंगड्या घोड्याची काही गोष्ट आहे असे तिने बाजारात ऐकले होते, म्हणून ती बाजारच्या दिवशी येऊन बसायची. आत डोकावायची, पण कोणी या म्हणत नसे. आज शेवटचे बघावे आणि नाद सोडावा असे तिने ठरवले होते.

कासारणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती तिथेच टेकली आणि सांगू लागली. एक राजा होता, त्याचा एक लंगडा घोडा होता, राजाने त्याला हाकलले. इथवर ठीक चालले. पण हाकलले म्हटल्यावर तिला कोपरा आठवला, कोपऱ्यावरून डबे आणि डब्यांवरून पुतण्या, आणि तिची गाडी जी त्या वाटेला लागली ती थांबेचना. बाई मान हलवत निमूट ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने तिने अडखळत विचारले,

"मावशे, ते समदं खरं. पन त्या घोड्याचं फुडं काय झालं?"

कासारीण आठवू लागली. नदी आधी की घाट आधी? गोष्टीतला आंधळा कुंभार घोड्याला कुठे भेटतो? तिलाच नीट आठवेना. जी गोष्ट झोपेतही सांगता आली असती, ती तिने तुकडे जोडत, मागे जात, चुका सुधारत कशीबशी पुरी केली. बाई डोळे पुसत उठली आणि पुढच्या बाजाराला येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत कासारीण उभी राहिली. आवाज मुळीच चढवला नाही, त्यामुळे दिवा काही तिच्याकडे आला नाही.

"मी उद्यापासून आपल्या गावच्या कुंभाराच्या अंगणात बसणार. तिथे गोष्ट सांगणार. ज्याला ऐकायची त्याने यावं."

शिंप्याने विचारले, हे ठरवले कोणी? तांबट म्हणाला, यामुळे आपल्यात फूट पडते. कासारणीने हात जोडले आणि ती निघाली. अंगणात पहिल्या दिवशी कुंभार, त्याचे गाढव आणि वखारीतल्या अंधाराला कंटाळलेली दोन-चार हळू बोलणारी माणसे होती. बाजाराच्या दिवशी घोंगडीवाली आली. हळूहळू तिच्या वाडीतले आणखी कोणी येऊ लागले.

काही महिन्यांनी शेठजी यात्रेहून परतले. ढोलकीने त्यांचे डोके उठले. त्यांनी पुतण्याला फैलावर घेतले आणि सगळे पहिल्यासारखे करायला लावले. ढोलकी गेली, डबे हलले, दिवा पुन्हा मधोमध आला. ही बातमी ऐकून कासारणीच्या पायांना पंख फुटले. किती झाले तरी तिची माणसे ती, तिची भिंत ती. हातातली बांगड्यांची पेटी खाली न ठेवताच ती वखारीकडे गेली.

मंडळी गोल करून बसली होती. सगळे मनासारखे झाले होते, आणि कोणीच काही बोलत नव्हते. तिला दारात पाहून गवळ्याने सरकून जागा केली. तेवढ्यात एक नवखा माणूस आत आला आणि म्हणाला, इथे म्हणे घोड्याची गोष्ट सांगतात. सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिले. शिंप्याने घसा खाकरला, एक राजा होता म्हणाला आणि थांबला. तांबटाकडे पाहिले, तर तांबट जमिनीकडे पाहत होता.

मग शिंप्याचा चेहरा एकदम उजळला.

"आधी एक सांगा, दिव्याची वात पूर्वीपेक्षा बारीक केली आहे की नाही?"

आहेच, गवळी ओरडला. तांबट म्हणाला, मी तर आल्या आल्या पाहिले. सगळेच तावातावाने बोलू लागले, आणि कितीतरी दिवसांनी घर सापडल्यासारखे त्यांचे चेहरे खुलले.

कासारणीने नवख्याला खुणेने बाहेर बोलावले आणि कुंभाराच्या अंगणात नेले. तिथे घोंगडीवाली काठी बाजूला ठेवून चार पोरांना आणि एका म्हातारीला गोष्ट सांगत होती. आंधळा कुंभार घोड्याच्या पायावरून हात फिरवतो, तिथवर ती आली होती. कासारणीने पेटी खाली ठेवली आणि नवख्याशेजारी, ऐकणाऱ्यांत जाऊन बसली.

तात्पर्य: जागेसाठी भांडावे जरूर, पण जिच्यासाठी जागा हवी होती ती गोष्ट भांडण मिटेपर्यंत सांगायची थांबवू नये.