मागच्या सीटचं माप

“बॅग सत्तर लिटरची शिवू या की पंच्याऐंशीची, मास्तर?”

दस्तगीर मास्तरांनी मान वर केली नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची ताडपत्री त्यांच्या मांडीवर पसरली होती. सुई आत गेली, बाहेर आली.

“दूध न्यायचंय का?”

कोपऱ्यात सोपान धायगुडे बसला होता. त्याच्या दुधाच्या कॅनचा पट्टा तुटला होता, तो शिवून घ्यायला आला होता. तो खदखदून हसला.

“सत्तर लिटर! अहो पाव्हणं, माझी गाडी रोज एकशेवीस लिटर नेती. थेंब सांडत नाही. मला विचारा की.”

प्रणित भोईटे हसला नाही. तीन आठवडे त्याने या एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता. पुण्याहून फलटणला येताना त्याच्या मोबाइलमध्ये बॅगांचे चाळीस फोटो होते, आणि या शेडमध्ये बसलेल्या दोघांपेक्षा आपल्याला जास्त कळतं याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

“मास्तर, मी हंपीला निघालोय. एकटा. रविवारी सकाळी. पत्र्याच्या पेट्या मला नकोत, गाडी आडवी झाली तर पाय सापडतो. जाड कॅनव्हास, आतून रबरी अस्तर, तोंड गुंडाळून बंद होणारं. आणि बॅग मागच्या पूर्ण सीटवर बसली पाहिजे. सीट जराही दिसता कामा नये.”

सुई थांबली.

“का?”

“वजन मधोमध राहतं. गाडी वळणावर डगमगत नाही.”

उत्तर बरोबर होतं. प्रणितची सगळीच उत्तरं बरोबर असायची.

त्याची आई जाऊन तीन महिने झाले होते. हे त्याने मास्तरांना सांगितलं नव्हतं. तीन महिने तो गाडीवर बसला की मागे हात लावत नसे, आरशात पाहत नसे, आणि गाडी लावली की सीटकडे पाठ करून घरात शिरत असे. तिथे एकदा मोठी बॅग घट्ट आवळून बांधली, की झालं. असं त्याला वाटत होतं.

मास्तर उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर हात ठेवून उठला. शेडबाहेर उन्हात प्रणितची मोटारसायकल उभी होती. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

“बस.”

प्रणित बसला.

“आता मागं कोणाला तरी बसव.”

“मागे कोणी नसणार. म्हटलं ना, एकटा निघालोय.”

“माझी पद्धत आहे. मागं माणूस बसवल्याशिवाय मी माप घेत नाही.”

सोपान आतून ओरडला, “खरं आहे हो! माझ्या कॅनच्या वेळी माझी बायको आणायला लावली होती. ती म्हणाली, म्हशीपेक्षा जास्त कौतुक झालं माझं आज!”

प्रणितला राग आला. इतक्या लांबून यायचं, आणि हे असलं काहीतरी ऐकायचं. महाराष्ट्रभरचे रायडर या माणसाचं नाव घेतात ते कशासाठी?

“मास्तर, तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“रोजचं सामान कशात नेतोस?”

“काय?”

“हंपी सोड. रोजचं. भाजी, किराणा, दळण. या गाडीला हूक नाही, कॅरिअर नाही, पिशवी अडकवायला कडी नाही. बारा वर्षांची तरी गाडी असंल. सामान कशात नेत होतास?”



हा प्रश्न चाळीस फोटोंत कुठेच नव्हता.

“आईच्या मांडीवर,” तो म्हणाला.

सोपानचं हसणं थांबलं. त्याने उगाचच पट्ट्याचं बक्कल चाचपलं.

मास्तर आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गव्हाने भरलेला पत्र्याचा डबा होता.

“माझं दळण न्यायचंय. गिरणी बाजारपेठेत आहे. चल.”

“आत्ता?”

“मागं माणूस बसला पाहिजे आणि मांडीवर सामान पाहिजे. दोन्ही कामं होतील.”

नाही म्हणायला प्रणितला जागाच राहिली नाही. मास्तर डबा घेऊन मागे बसले. डबा त्यांच्या मांडीवर, त्यांचा एक हात त्याच्या खांद्यावर.

गाडी थोडी खाली बसली.

तेवढं वजन. बरोबर तेवढंच… आई आणि दळण मिळून जेवढं व्हायचं तेवढं.

तो नकळत टाकीकडे सरकला. मागे डब्याला जागा व्हावी म्हणून तो असाच सरकून बसायचा, कॉलेजात असल्यापासून. वेग आपोआप उतरला. लोणंद रस्त्यावरून ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते आणि तो डाव्या कडेने, अंडी घेऊन निघाल्यासारखा चालला होता.

पुढे पाइपलाइनसाठी रस्ता खोदला होता. खड्डा दिसला.

प्रणितचा डावा हात क्लचवरून सुटला आणि मागे गेला. डब्याची कड धरायला. प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात असाच मागे जायचा, आणि तिथे आईचा हात आधीच असायचा. कड दोघं मिळून धरायची. मग मागून आवाज यायचा, “खड्ड्यात हळू घे रे.” बारा वर्षांत एकही खड्डा या वाक्याशिवाय गेला नव्हता. तो चिडायचा. “कळतं गं मला, आई! गाडी मी चालवतोय ना?”

हात मागे गेला. तिथे सुईने खरखरीत झालेली बोटं होती.

खड्डा गेला. मागून काही आवाज आला नाही.

त्याने गाडी कडेला घेतली. बंद केली. उतरला नाही. हँडल धरून तसाच बसून राहिला.

मागचा माणूसही उतरला नाही.

“तिला यायचं होतं,” प्रणित म्हणाला.

“कुठं?”

“हंपीला. पन्नासच्या नोटेवर मागे तो दगडी रथ असतो ना… भाजी घेताना ती नोट उलटी करून बघायची. म्हणायची, हा रथ खरंच आहे का रे? मी म्हणायचो, आहे, मी बघून आलोय. दोनदा गेलो होतो. मित्रांबरोबर.”

मास्तरांनी मांडीवरचा डबा नीट केला.

“गेल्या वर्षी तिसऱ्यांदा निघालो. ती म्हणाली, मी येऊ? मागे बसते. मी म्हटलं, जागा कुठाय? मागच्या सीटवर सामान असतं. लांबच्या प्रवासाला सामानाला जागा लागते.”

एक ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत तो थांबला.

“ती म्हणाली, त्यात काय, मी धरते की मांडीवर.”

“मग?”

“मी हसलो. म्हटलं, आई, हंपीला दळण न्यायचंय का? तीसुद्धा हसली. आणि मला पोळ्या बांधून दिल्या. त्या मी… सीटवर तंबू होता, त्याच्या पट्ट्यात खोचल्या होत्या. तंबू, स्टोव्ह, घडीची खुर्ची. खुर्ची, मास्तर! बसायला खुर्ची नेली मी!”

तो रडू लागला. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, पाठीमागे एका अनोळखी म्हाताऱ्याला आणि त्याच्या गव्हाला बसवून.

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला नाही. होतं असं, रडू नको, असं काहीही ते म्हणाले नाहीत. ते डबा धरून बसून राहिले. मांडीला रग लागली असणार. त्यांनी डबा खाली ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “गिरणी एकला बंद होते.”

प्रणितने तोंड पुसलं. गाडी सुरू केली.

दळण करून ते परत आले तेव्हा सोपान अजून तिथेच होता. पुढे होऊन त्याने मास्तरांच्या मांडीवरचा गरम डबा उचलून घेतला.

मास्तर मात्र उतरले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला. बसल्या बसल्या आपल्या मांडीच्या पुढे सीटवर एक रेघ मारली, पाठीमागे दुसरी. मग खाली वाकून, गुडघा जिथे येत होता त्याच्या मागे, गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक खूण केली.

“पुढच्या रेघेच्या पुढं तू. या खुणांच्या मागं बॅगा, दोन बाजूंना दोन.”

“आणि मधे?”

“मधलं मी शिवत नाही.”

“पण मास्तर, एवढ्याशा जागेत काय मावणार? पंधरा-पंधरा लिटरसुद्धा होणार नाहीत. तंबू कुठे ठेवू?”

“ठेवू नको.”

“स्टोव्ह?”

“हंपीत चहा मिळत नाही का?”

“मिळतो, पण…”

“शनिवारी ये.”

शनिवारी तो आला. बॅगा तयार होत्या. खाकी कॅनव्हासच्या, दुहेरी टाक्याच्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या. रबरी अस्तरही होतं. त्याने सांगितलेलं सगळं होतं, फक्त आकार सांगितलेला नव्हता. मास्तरांनी स्वतः त्या गाडीला चढवल्या, पट्टे आवळले आणि मागे बसून गुडघे हलवून पाहिले. बॅगा कुठेही लागत नव्हत्या.

“दळणाला जाताना या काढायची गरज नाही,” ते म्हणाले. “रोजही चालतील.”

मग ते आत जाऊन आपल्या जागेवर बसले आणि ताडपत्री मांडीवर ओढली.

प्रणित गाडीपाशी उभा राहिला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने सीटकडे नीट पाहिलं. खडूच्या दोन रेघा अजून तिथे होत्या. त्यांच्यामध्ये हातभर लांबीचं काळं रेक्झिन होतं, एका जागी झिजून करडं झालेलं. ते कशाने झिजलं होतं हे त्याला माहीत होतं.

रविवारी सकाळी तो याच गाडीवरून साडेपाचशे किलोमीटर जाणार होता. आणि ही जागा पूर्ण वाट त्याच्या पाठीला लागून येणार होती, उघडी.

त्याने रेघ पुसायला हात नेला… आणि मागे घेतला.

“मास्तर.”

“हं.”

“एक छोटी पिशवी तरी बांधतो इथे. अंथरूण, नाहीतर नुसती शाल. काहीतरी असू दे.”

सुई आत गेली, बाहेर आली.

“मग तिथे काय ठेवू, मास्तर? सांगा ना. काय ठेवू?”

दस्तगीर मास्तरांनी दोरा दातांनी तोडला.

“खड्ड्यात हळू घे.”