शिंगवाला आणि शेपट्या

एका खाडीच्या दोन काठांवर दोन वाड्या वसल्या होत्या: टेकडीवर टेंबवाडी आणि समोर बंदरवाडी. दोन्ही वाड्यांना लाकडी खेळणी पुरवणारे दाजी चितारी मात्र एकच. ते बारा प्रकारचे राक्षस कोरत, रंगवत आणि पेटीत भरून विकत. पेटीच्या झाकणावर बाराही नावे सुबक अक्षरांत लिहिलेली असत. परंतु टेंबवाडीच्या पेटीत ‘शेपट्या’ दोन निघत आणि ‘शिंगवाला’ एकही नसे. बंदरवाडीच्या पेटीत नेमके याच्या उलट. पलीकडच्यांकडे काही मागणे म्हणजे कमीपणा, असे दोन्ही वाड्यांना वाटे. म्हणून एकही पेटी कधी पूर्ण झाली नव्हती.

यंदा दाजींनी जाहीर केले, “जत्रेपूर्वी जो कोणी बाराही राक्षस माझ्यापुढे मांडील, त्याला मी माझी कला शिकवीन. शिष्य एकच घेईन.”

टेंबवाडीच्या शेवंतीला चितारकामावाचून दुसरे काही सुचत नसे. ती जागा आपणच मिळवायची, असा तिने निश्चय केला.

“लबाड आहे म्हातारा!” तिचे वडील म्हणाले. “त्याला एकेका घरात दोन-दोन पेट्या खपवायच्या आहेत.”

“बाबा, दुसरी पेटी मागतंय कोण? शिंगवाला मीच घडवीन.”

तिने पांगाऱ्याचे लाकूड आणले. बोटे कापली, तरी हात थांबला नाही. आठव्या दिवशी, डोक्यावर दोन वळणदार शिंगे असलेला राक्षस घेऊन ती दाजींकडे गेली.

दाजींनी तो निरखून पाहिला. “काम चोख आहे. पण पोरी, माझा शिंगवाला शिंग फुंकतो! त्याच्या डोक्यावर शिंगं सोड, केसही नाही. कोणाला विचारलं असतंस, तर कळलं असतं.”

शेवंती ओशाळली; पण खचली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने होडीने खाडी ओलांडली. बंदरवाडीची यमू ओसरीवर आपली पेटी मांडून बसली होती. शेवंतीने तिच्याकडे शिंगवाला मागितला.

“उतरलात का टेकडीवरून, बाईसाहेब?” यमूने टोमणा मारला. “शिंगवाला देते, पण तुझा शेपट्या मिळाला, की माझीही पेटी पूर्ण होईल. मग त्या जागेवर माझाही हक्क. चालेल?”

शेवंतीने शेपट्या मुठीत घट्ट धरला होता. दिला, तर जागेला वाटेकरी. न दिला, तर जागाच नाही. तिने मूठ उघडली. “चालेल. पण दाजींकडे दोघींनी एकदमच जायचं.”

दाजींपुढे दोन पेट्या उघडल्या गेल्या. दोन्हींत बारा-बारा राक्षस होते.

“शिष्य एकच घेईन, असं म्हणालो होतो मी,” दाजी म्हणाले.

“म्हणाला होतात,” शेवंती उत्तरली. “पण पेट्याच तुम्ही अशा भरल्यात, की एकटीला त्या पुऱ्या करताच येऊ नयेत. शिकवाल तर दोघींना शिकवा. नाहीतर आम्ही दोघी परत जातो.”

यमूने तिच्याकडे चमकून पाहिले आणि मग ठामपणे मान हलवली.

दाजींनी दोन्ही पेट्या जवळ ओढल्या. “सगळे एकाच पेटीत भरणं मला अवघड नव्हतं. पण मग तुम्ही आपापल्या ओसरीवरच खेळत बसला असतात. पलीकडे कोणीतरी जावं, म्हणून प्रत्येक पेटीत एक उणा ठेवला. सहा वर्षं वाट पाहिली.” त्यांनी आपला पाट भिंतीकडे सरकवला. “या, बसा. आधी लाकूड तासायला शिका.”

तात्पर्य: जे आपल्याजवळ नाही, ते मागण्यात कमीपणा नाही, मात्र मागायला जाणाऱ्याने आपल्या मुठीतले सोडण्याचीही तयारी ठेवावी.