झऱ्याअलीकडची शीव

निंबथर तालुक्याची कचेरी पाहायला कोणी येत नाही, आणि तिथे पाहण्यासारखे काही नाहीही. पाहायचे ते गावाबाहेर. निंबथरची शीव टेकडीवरून सरळ उतरते आणि झऱ्याजवळ येताच अंग चोरून अलीकडूनच वळते. बारमाही पाणी पन्नास पावलांवर, तरी ते पलीकडच्या आंबेरीचे! पाहुणे हसतात. त्यांनी आधी येसनाकाची गोष्ट ऐकावी.

असे सांगतात, की दरबाराने इथे नवा परगणा बांधायला एक कारभारी धाडला. निंबथरसह सहाच गावे तयार झाली. आंबेरी आणि तिच्यामागची गावे यायला राजी नव्हती. म्हणजे परगण्याची हद्द या दोन गावांमध्ये पडणार, आणि झरा कोणाचा ते आधी ठरायला हवे. रिवाज असा, की गावची वेस राखणाऱ्या वेसकराने डोक्यावर शिवेच्या मातीचे ढेकूळ घेऊन अनवाणी चालायचे. तो चालेल ती शीव. खोटे चालला तर त्याचा निर्वंश.

येसनाक हा निंबथरचा वेसकर. बापाने त्याला हाताला धरून खुणेचे दगड दाखवले होते. झरा आंबेरीचा, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आदल्या दिवशी हैबती पाटील त्याच्या दारात आला. पाटील वेसकराच्या दारात येतो, यावरून गरज ओळखावी.

"येसनाका, झऱ्याला पलीकडनं वळसा घाल. गाव तुझं नाव काढील."

"आन् शपथ, पाटील?"

"शपथेनं घागर भरत न्हाई."

येसनाकाची बायको राही त्याच झऱ्याखालच्या डबक्यातून पाणी आणी. ती म्हणाली, "पाणी गेलं तर मला कोसभर लांब जावं लागंल. पर उद्या माती तुमच्या डोईवर हाय. माझं ऐकू नगा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावे लोटली. झऱ्यापाशी येसनाकाचे पाय अडले. समोर पाणी खळखळत होते, आणि राही रिकामी घागर घेऊन उभी होती. म्हणे तो इतका वेळ थांबला, की डोक्यावरची माती घामासोबत कपाळावर ओघळली. मग तो अलीकडून वळला. निंबथरकरांनी त्याला तोंडावर शिव्या दिल्या. हैबती पाटलाने पागोटे आपटले.

तेवढ्यात आंबेरीची म्हातारी पाटलीण सगुणाबाई पुढे झाली आणि कारभाऱ्याला म्हणाली, "ज्यानं बायकोची घागर रिकामी ठिवली, पर खोटं पाऊल टाकलं न्हाई, त्याच्या मुलखात आमालाबी घाला. आन् आमच्या झऱ्यावर पयली घागर ह्याच्या घरची."

आंबेरी आली, तशी मागची सोळा गावेही आली. तेवीस गावांचा आमचा तालुका तलवारीने नाही, एका माणसाच्या चालीने उभा राहिला, हे आम्ही छाती काढून सांगतो.

आजही तालुक्यात भांडण लागले, की साक्ष देणाऱ्याला देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागते. पाटलाच्या घरच्यांनाही ती चुकत नाही. येसनाकाच्या घरचे माणूस उभे राहिले, की पंच एवढेच म्हणतात, "तू नुसतं सांग."