बाकांवरची नावं

"...पण आमच्या माणसांची नावं घासून काढायचा अधिकार त्या बाईला दिला कुणी?"

इंद्रजित मठाच्या पडवीत उभा राहून ओरडत होता. रामगिरबुवा सुपात उद्याचे तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की."

"मग बोला ना!"

"तुझं संपू दे."

मी आत चुलीपाशी होतो. आमटीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं होतं, पण कान सगळे पडवीत. खरं सांगतो, त्या घटकेला मला इंद्रजितचंच बरोबर वाटत होतं. घासलेल्या नावांत माझ्या आईचंही नाव होतं.

झालं होतं ते असं. आमच्या गावच्या कॉलेजात टांझानियाची एक मुलगी शिकायला होती. तिनं आपल्या खेड्यातल्या शाळेचे फोटो दाखवले. पोरं मातीत मांडी घालून, वही गुडघ्यावर ठेवून लिहिताहेत. इंद्रजितनं ते मनावर घेतलं. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी रद्दी गोळा केली, गाड्या धुतल्या, जत्रेत वडे तळले. पण वड्यांवर शाळा उभी राहत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की जो बाक देईल त्याच्या घरच्या माणसाचं नाव बाकाच्या पाठीवर रंगवायचं.

झालं! ज्या गावानं वडा घेताना घासाघीस केली, त्या गावाचा हात असा सैल सुटला की विचारू नका.

आपल्याकडं हे वेड आहेच. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर कैलासवासी, पाण्याच्या टाकीवर कैलासवासी, एसटी स्टँडवरच्या बाकावर कैलासवासी. स्मशानातल्या बाकावर तेवढं जिवंत माणसाचं नाव असतं, कारण त्याला निवडणूक लढवायची असते. आणि मी हसतोय कुणाला? मीही आईचं नाव दिलंच की.

बाकं तिथल्याच सुतारानं केली. मे महिन्याच्या सुट्टीत आमची अकरा पोरं तिकडं गेली आणि पंधरा दिवस राबून स्वतःच्या हातानं बाकं रंगवून आली. पाठीवर पिवळ्या रंगात नावं घातली. तिथल्या मुलांनी विचारलं, हे काय लिहिलंय? आमच्या पोरांनी अभिमानानं सांगितलं, ही आमची वारलेली माणसं, हा बाक यांचा, तो त्यांचा.

दुसऱ्या दिवशी वर्गातली सगळी मुलं जमिनीवर बसली.

तिसऱ्या दिवशीही.

आमच्या पोरांना वाटलं, नव्या वस्तूचा मान राखताहेत बिचारी. त्यांनी त्याचेही फोटो काढले.

आमची पोरं परत आली, आणि महिन्याभरात शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, रेहेमाबाईंनी, इंद्रजितच्या फोनवर एक फोटो पाठवला. मुलं बाकांवर बसलेली, आणि बाकांच्या पाठी कोऱ्या. छत्तीसच्या छत्तीस.

तो फोटो पाहून इंद्रजित तीन दिवस धुमसत होता. चौथ्या दिवशी टाईप केलेलं पत्र घेऊन मठात आला. देणग्या मठाच्या नावानं घेतल्या होत्या, म्हणून बुवांची सही हवी होती. मजकूर थोडका होता. सगळी नावं पुन्हा रंगवून फोटो पाठवा. तोवर पहिली-दुसरीच्या वर्गांची बाकं मिळणार नाहीत.

पहिली-दुसरीची पोरं अजून मातीतच बसत होती. हे इंद्रजितला ठाऊक होतं. मलाही होतं.

"सही करा, बुवा," तो म्हणाला. "फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही. लोकांना आता काय तोंड दाखवू मी?"

"लोकांचं राहू दे. तुझ्या बाकावर कुणाचं नाव होतं?"

इंद्रजितचा आवाज एकदम खाली आला.

"बाबांचं."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, बुवा. सगळी नोकरी उभ्यानं केली. घरी आले की पाय सुजून असे झालेले असायचे... आई मिठाच्या पाण्यात ठेवायची. रिटायर झाले आणि वर्षात गेले. बसलेच नाहीत कधी. मला एवढंच वाटलं होतं, की कुठंतरी त्यांच्या नावाची बसायची जागा असावी. आणि तिनं पॉलिश पेपर घेऊन... घासून टाकलं! शेण पुसावं तसं!"

त्याचे डोळे भरले होते. पण रागही तसाच होता, हे सांगितलं पाहिजे.

बुवा उठले. भिंतीशी लावलेला जेवणाचा पाट त्यांनी घेतला. भजनाच्या वेळा लिहायच्या फळ्यापासचा खडू आणला. दोन्ही इंद्रजितपुढं ठेवलं.

"लिही."

"काय?"

"वडलांचं नाव. तिकडं लिहिलं होतंस तसंच."

इंद्रजितचं अक्षर सुरेख. त्यानं पाटावर लिहिलं, 'कै. मारुती ज्ञानू खाडे'.

"बस आता त्याच्यावर."

इंद्रजित पाटापासून मागं सरकला.

"बस की."

"बुवा, काहीतरीच काय! तिथं नाव पाठीला होतं. बसायच्या जागेवर नव्हतं."

"बरं."

बुवांनी पाट उचलला आणि खांबाला टेकवून उभा केला.

"आता पाठीला आलं. टेकून बस."

इंद्रजित चिडून वळला आणि खांबापुढं मांडी घालून बसला. पाठ ताठ. पाटात आणि त्याच्यात चार बोटं जागा राहिली.

"टेक."

तो टेकेना.

"टेक की रे. घामेजलायस, जरा आराम पडेल."

तो थोडा मागं झाला. सदरा पाटाला लागायच्या आत विंचू चावल्यासारखा उठला.

"नाही टेकवत."

"का? तुझाच बाप आहे."

"म्हणूनच नाही टेकवत!"

बुवांनी हातावरची खडूची भुकटी झटकली.

"बुवा, पण आपल्याकडं सगळीकडं असतंच ना हे? स्टँडवर रोज शंभर माणसं टेकतात. कुणाला काही वाटतं का?"

"कोण वाचतंय हितं?" बुवा म्हणाले. "त्या पोरांनी विचारलं."

इंद्रजितनं पाटावरच्या नावाकडं एकदा पाहिलं. पण हरला नव्हता. तरणं पोर इतक्यात हरत नाही.

"त्या बाईनं सांगायचं होतं मग! आम्ही पंधरा दिवस तिथंच होतो. एका शब्दानं बोलली नाही, आणि आमची पाठ वळल्यावर..."

"फोटोसंगं तिनं काय लिहिलंय?"

"आहे काहीतरी. कारणं दिलीत."

"वाच."

"वाचलंय मी."

"मला वाचून दाखव. मराठीत सांग."

इंद्रजितनं खिशातून फोन काढला. आधी भराभर वाचलं, कुणी पाठीमागं लागल्यासारखं. मग सावकाश.

"लिहिलंय... तुम्ही पाहुणे होता, रात्रंदिवस काम करत होता, तुमच्या तोंडावर हे बोलायला माझी जीभ रेटली नाही. मुलांना मी पुष्कळ समजावलं. ती ऐकेनात. मला विचारायची..."

तो थांबला.

"काय विचारायची?"

"विचारायची, बाई... ती माणसं आली तर बसतील कुठं?"

माझी आमटी उतू गेली, चूल फसफसली, आणि मी जागचा हललो नाही. आठ-नऊ वर्षांची पोरं, जन्मात पहिल्यांदा शाळेत बाक आलेला, आणि ती माझ्या आईसाठी जागा राखून मातीत बसली होती. आणि त्याचा फोटो काढून आमच्या पोरांनी कॉलेजच्या पोर्चमध्ये लावला होता, फुलांची कमान करून! मी स्वतः त्या फोटोपुढं उभा राहून मान डोलावली होती. अंगाची नुसती लाही झाली. दुसऱ्या कुणाचा राग असता तर बरं झालं असतं.

बुवांचाही आवाज चढला. मी तो फार थोड्या वेळा ऐकलाय.

"नवी बाकं सोडून पोरं भुईवर बसली तुमच्यासमोर! अकरा जण होता. बावीस डोळे. तुमच्यातल्या एकानं विचारलं न्हाई, का रं बाळांनो, खाली का बसलात? ती बाई तुमचा मान ठेवून गप ऱ्हायली, तुम्ही जाईस्तवर वाट बघितली, मग छत्तीस बाकं हातानं घासली. आणि तू तिला धमकीचा कागद धाडतोस? माझ्या सहीनं?"

इंद्रजितनं पत्र पाठीमागं धरलं. कॉलेजचा पुढारी पोरगा, पण त्या घडीला अगदी लहान दिसला.

बुवा तेवढ्यात शांत झाले. त्यांनी खांबाचा पाट घेतला, पडवीत आडवा ठेवला आणि पुढं पत्रावळ मांडली.

"चल. जेवायची वेळ झाली."

"मला भूक नाही."

"मठात आलेला माणूस उपाशी जात न्हाई. बस."

"दुसरा पाट द्या."

"हाच आहे."

आत चांगले आठ पाट होते. मी काही बोललो नाही.

इंद्रजित पाटाकडं बघत उभा राहिला. किती वेळ, मला सांगता यायचं नाही. मी भात उतरवला, आमटीचं उरलं होतं तेवढं वाटीत काढलं, बाहेर आणलं, तरी तो उभाच होता. बुवा आपल्या पानावर बसून वाट बघत होते. वाढलेल्या भाताला त्यांनी हात लावला नव्हता.

मग इंद्रजित गुडघ्यांवर बसला. खिशातून रुमाल काढला. आधी 'खाडे' पुसलं, मग 'ज्ञानू'. 'मारुती'पाशी हात थांबला. खांदे हलायला लागले. बुवांनी तिकडं पाहिलं नाही, मीही नाही. पुसून झाल्यावर त्यानं पाटाला हात लावून कपाळाला लावला, आणि त्या कोऱ्या पाटावर नीट मांडी घालून बसला.

बुवांनी भातावर तूप वाढलं.

दोन घास झाल्यावर इंद्रजित म्हणाला, "पत्राचं काय करू?"

"दुसरं लिही."

"काय लिहू?"

"चुकलं म्हणून लिही. धाकट्या पोरांची बाकं धाडतोय म्हणून लिही."

"कोरी?"

"कोरी."

तो भात चिवडत राहिला. रडून झालेल्या माणसाचा आवाज जसा येतो तशा आवाजात त्यानं विचारलं, "म्हणजे बाबांचं नाव तिकडं... कुठंच नाही राहणार, बुवा?"

बुवांनी घास खाली ठेवला.

"माफीच्या पत्राखाली तुझं पूर्ण नाव लिही. मधलं गाळू नकोस."